सिंग्युलर फायबर पहिल्यांदा शिकताय? पुराच्या पाण्यापासून सुरू करा

जुलै-ऑगस्ट आला की कोल्हापुरात प्रत्येकाच्या फोनवर एकच आकडा फिरत असतोय, राजाराम बंधारा (पंचगंगा नदीवरचा) पाणीपातळी इतके फूट इतके इंच. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा मी कितीतरी दिवस गच्चीवरनं पाणी बघत होतो आणि तेव्हाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसली जी पुढं गणितात लय उपयोगी पडली. पाणी चढत राहतं, काठ थोडा थोडा सरकत राहतो, पण चित्र तेच राहतं, आणि मग एखाद्या ठरावीक पातळीला दोन-चार इंचांत सगळं चित्रच पालटतं. सखल भागात गटारीतनं उलटं आलेलं पाणी आधी नुसतं डबकं असतंय, ते वाढतं, मोठं होतं, तरी नदी वेगळी आणि डबकं वेगळं, आणि मग मधला उंचवटा बुडाला की एका क्षणात डबकं नदीचं होतं. नदी आता तुमच्या दारात.

३९ आणि ४३ हे प्रशासनानं ठरवलेले आकडे. तुमच्या गल्लीचा खरा आकडा म्हणजे तो उंचवटा ज्या पातळीला बुडतो ती पातळी. सिंग्युलर फायबरचा सगळा विषय त्या आकड्याचा आहे. हा लेख एम.एस्सी.ला असलेल्या, किंवा बी.एस्सी. करून स्वतः वाचणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितोय. दहावीचा विवेचक, बारावीचं डेरिव्हेटिव्ह आणि संमिश्र संख्या एवढं येत असेल तर वही-पेन घेऊन बसा, कारण हा नुसता वाचायचा लेख नाही, करायचा आहे.

पायरी १. फायबर म्हणजे काय ते एकदा नीट घोळवा

एक नकाशा घ्या आणि त्यावरच्या प्रत्येक बिंदूला एक संख्या द्या, समजा त्या जागेची उंची. आता एक पातळी ठरवा आणि बरोब्बर त्या उंचीचे सगळे बिंदू गोळा करा. ती जी रेघ मिळते, म्हणजे पाण्याचा काठ, तो त्या पातळीचा फायबर. बस्स. पुस्तकात ह्याला प्रतिमेचं उलटं वगैरे म्हणतात, काहीजण मराठीत तंतू म्हणतात, मी फायबरच म्हणतो कारण वर्गात सगळे तेच म्हणतात.

बहुतेक पातळ्यांना फायबर गुळगुळीत असतो, आणि शेजारच्या पातळीचा फायबर त्याच्यासारखाच दिसतो. ज्या पातळीला फायबरवर असा एखादा बिंदू येतो जिथे सगळी डेरिव्हेटिव्ह शून्य होतात (टेकडीचं टोक, खड्ड्याचा तळ, किंवा दोन टेकड्यांमधली खिंड) तो सिंग्युलर फायबर. १९४२ साली सार्डनं सिद्ध केलं की अशा पातळ्या एकूण लांबीच्या हिशोबात शून्य भरतात, म्हणजे डोळे मिटून एखादी पातळी निवडली तर ती चांगलीच निघणार. आणि १९५० मध्ये एरेसमाननं दाखवलं की मध्ये कुठली वाईट पातळी येत नसेल तर फायबरचा आकार बदलूच शकत नाही, पण ह्याला एक अट आहे आणि ती नवीन लोक हमखास विसरतात. फायबर बंदिस्त पाहिजे, अनंताकडे पळून जाणारा नको.

ही अट फुकटची नाही हे स्वतः बघा. क्ष²य − क्ष हे फंक्शन घ्या. क्षच्या दिशेचं डेरिव्हेटिव्ह २क्षय − १, यच्या दिशेचं क्ष². दोन्ही एकदम शून्य व्हायचं तर क्ष शून्य पाहिजे, पण मग पहिलं −१ राहतं. म्हणजे वाईट बिंदू एकही नाही. तरी पातळी शून्यला फायबर तीन तुकड्यांचा आहे (क्ष = ० ही रेषा आणि क्षय = १ चे दोन भाग) आणि बाकी कुठल्याही पातळीला दोनच तुकड्यांचा. कसं काय? एक तुकडा अनंताकडे निघून गेला. पुराच्या भाषेत सांगायचं तर पाणी नकाशाच्या कडेबाहेर जाऊन मिळालं आणि आपण फक्त नकाशातच बघत बसलो. अनंताकडे बघायची सवय आत्तापासूनच लावा, पुढे पायरी ६ मध्ये तिथेच खजिना आहे.

पायरी २. एकच समीकरण घ्या आणि त्याला सोडू नका

नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुरुवातीलाच व्याख्या, शीफ, स्कीम, सगळं एकदम उघडून बसणं. माझं ऐका, महिनाभर एकाच समीकरणाबरोबर राहा. हे ते समीकरण:

य² = क्ष³ − ३क्ष + ट

ट ही आपली पाणीपातळी. मोबाईलवर जिओजेब्रा किंवा डेसमॉस उघडा, टचा स्लायडर −४ ते ४ ठेवा आणि हळूहळू सरकवा. −४ पासून सुरू केलं की उजवीकडे एकच उघडी रेघ दिसेल, ही नदी. ट = −२ ला डावीकडे अचानक एक ठिपका उगवतो. मग त्याचं अंड्यासारखं वर्तुळ होतं, ते डबकं. डबकं फुगत जातं आणि ट = २ ला ते नदीला टेकतं, फुलीसारखा आकार होतो, आणि २ च्या पुढे सगळं एकच. अगदी आमच्या सखल भागातला पूर. हे उगाच जुळवलेलं नाही, य² − क्ष³ + ३क्ष ही जमिनीची उंची धरली तर क्ष = −१ ला खरोखर खड्ड्याचा तळ आहे आणि क्ष = १ ला खरोखर खिंड आहे.

स्लायडर किमान दहा वेळा पुढे-मागे करा. घाई करू नका.

पायरी ३. आता तेच हातानं काढा

चित्र बघून कळलं असं वाटतं, पण हातानं काढल्याशिवाय ते आपलं होत नाही. दोन रस्ते आहेत आणि दोन्ही करायचे.

पहिला रस्ता, डेरिव्हेटिव्ह. यच्या दिशेनं २य = ०, क्षच्या दिशेनं ३क्ष² − ३ = ०. म्हणजे य = ०, क्ष = १ किंवा −१. समीकरणात घाला: क्ष = १ ला ट = २, क्ष = −१ ला ट = −२. झालं.

दुसरा रस्ता, विवेचक. दहावीत वर्गसमीकरणाचा विवेचक शून्य म्हणजे दोन्ही मुळे समान, हे घोकलेलं आठवत असेल. घन समीकरणालाही विवेचक असतो. क्ष³ + अक्ष + ब साठी ४अ³ + २७ब² शून्य झालं की दोन मुळे एकत्र येतात. इथे अ = −३, ब = ट, म्हणून २७ट² − १०८, म्हणजे २७(ट² − ४). शून्य कधी? ट = ±२. दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी आले की पुढे जा, नाही आले तर कुठेतरी चिन्ह चुकलंय. पडताळा म्हणून ट = २ ला अवयव पाडा: क्ष³ − ३क्ष + २ = (क्ष − १)²(क्ष + २).

इथे एक गल्लत लय जणांची होते. फायबर सिंग्युलर आहे म्हणजे सगळा पृष्ठभागच बिघडलेला आहे असं नाही. क्ष, य, ट तिन्ही चल धरून तेच समीकरण बघा. टच्या दिशेचं डेरिव्हेटिव्ह १ आहे, ते कधीच शून्य होत नाही, म्हणजे पूर्ण पृष्ठभाग स्वच्छ गुळगुळीत. बिघाड त्या एका कापात आहे. कलिंगडावर सुरी नुसती टेकवली तर एकच बिंदू मिळतो, त्यात कलिंगडाचा काही दोष नाही.

पायरी ४. संमिश्र संख्यांत उतरा, मग ठिपका आणि फुली एकच दिसतात

आत्तापर्यंत ट = −२ ला ठिपका होता आणि ट = २ ला फुली, दोन वेगळ्या घटना वाटल्या. पण क्ष आणि य ला संमिश्र किमती घेऊ दिल्या की फरक मिटतो. ट = २ ला बिंदूच्या जवळ य² ≈ ३(क्ष − १)², ट = −२ ला य² ≈ −३(क्ष + १)². −३ चं वर्गमूळ वास्तव संख्यांत नाही म्हणून तिथे नुसता ठिपका दिसला, संमिश्रात तिथेही दोन फांद्या एकमेकींना छेदतातच.

आणि आता फायबर रेघ राहत नाही, तो पृष्ठभाग होतो. चांगल्या टला अनंताचा एक बिंदू जोडला की तो टोरस असतो. टोरस म्हणजे काय, तर कडबोळं. दिवाळीच्या डब्यातलं कडबोळं डोळ्यासमोर आणा, फक्त त्याची वरची साल, आतलं पीठ नाही. कडबोळ्यावर दोन प्रकारे दोरा गुंडाळता येतो, एक जाडीभोवती आणि एक भोकाभोवती लांब फेरा. ट जसा २ कडे जाईल तसा ह्यातला एक फेरा आवळत आवळत जातो आणि बरोब्बर २ ला त्याचा बिंदू होतो. कडबोळं एका जागी चिमटलं जातं. त्या आवळल्या जाणाऱ्या फेऱ्याला व्हॅनिशिंग सायकल म्हणतात, आणि अशा चिमटलेल्या फायबरला कोडायराच्या यादीत (ही यादी पायरी ६ मध्ये येईल) आय-वन म्हणतात.

आवळणं डोळ्यांनी बघायचं असेल तर ट = १.९७ घ्या. क्ष³ − ३क्ष + १.९७ ची दोन मुळे जवळजवळ ०.९ आणि १.१ येतात, तिसरं −२ च्या आसपास. कॅल्क्युलेटरवर १.१ घालून बघा, १.३३१ − ३.३ + १.९७ = ०.००१. त्या ०.९ आणि १.१ च्या मधल्या छोट्या पट्टीवरच तो फेरा उभा आहे. ट २ च्या जवळ नेला की पट्टी आखूड होत जाते.

पायरी ५. फायबरकडे नुसतं बघू नका, त्याला प्रदक्षिणा घाला

मला ह्या विषयात काही एक सांगायचं असेल तर ते हेच. सिंग्युलर फायबरची खरी माहिती त्याच्या चित्रात कमी आणि त्याच्याभोवती फेरी मारून आल्यावर काय बदललं ह्यात जास्त असते. अंबाबाईच्या देवळात आपण मूर्तीला हात लावत नाही, भोवतीनं फिरतो. इथेही ट = २ ला जायचंच नाही, त्याच्याभोवती छोटं वर्तुळ काढून परत निघालो तिथे यायचं.

वरचीच मुळे घ्या. ट २ च्या जवळ असताना ती दोन मुळे जवळपास १ ± √((२ − ट)/३) असतात. ट = १.९७ पासून निघा, २.०३ ला पोचल्यावर मुळे १ ± ०.१आय होतात, म्हणजे वर-खाली गेली, आणि फेरी पूर्ण करून १.९७ ला आलात की ०.९ चं मूळ १.१ च्या जागी आणि १.१ चं ०.९ च्या जागी. तुम्ही एक पूर्ण फेरी मारली, मुळांनी अर्धी मारली आणि जागा बदलल्या. हा हिशोब एकदा स्वतः केला की मोनोड्रोमी (फेरी मारून आल्यावर झालेला बदल) हा शब्द परत कधी परका वाटत नाही.

पूर्ण फायबरवर काय होतं? सायकलची जुनी ट्यूब घ्या. खडूनं तिच्या लांबीला धरून एक रेघ ओढा, पूर्ण गोल. आता एका जागी आडवी कापा, एक तोंड धरून ३६० अंश पीळ द्या आणि परत चिकटवा. कापलेल्या जागेचा फेरा होता तसाच आहे, पण लांब रेघ आता वाटेत एकदा जाडीभोवती फिरून येते. हाच डेन ट्विस्ट. आमच्या संध्याकाळच्या ग्रुपमध्ये हे ट्यूब कापून केलं त्या दिवशी जे कळलं ते त्याआधी चार वेळा फळ्यावर लिहूनही कळलं नव्हतं, त्यामुळे आळस करू नका, ट्यूब खरंच कापा. पिळाचा हा नियम लेफशेट्झनं १९२४ च्या पुस्तकात उच्च मितींसाठीही मांडला. तो मूळचा इंजिनिअर, १९०७ साली कामावर अपघातात दोन्ही हात गेले आणि मग गणिताकडे वळला. हातांनी ट्यूब पिळून आपण जे समजून घेतो ते त्या माणसानं नुसत्या डोक्यात फिरवून बघितलं, हे आठवलं की मला आजही गलबलून येतं.

प्रदक्षिणेनंतर कडबोळ्याचे दोन फेरे कशात बदलतात ते मॅट्रिक्समध्ये लिहायचं तर ट = २ ची प्रदक्षिणा म्हणजे प, पहिली ओळ (१, १), दुसरी ओळ (०, १). ट = −२ ला दुसरा फेरा आवळतो, त्याची प्रदक्षिणा म्हणजे फ, पहिली ओळ (१, ०), दुसरी (−१, १). चिन्हं पुस्तकागणिक बदलतात, एका पुस्तकाचं चिन्ह दुसऱ्या पुस्तकात घुसवू नका, ह्यात लोकांचे आठवडे जातात.

आता गुणाकार करा. पफ = (०, १; −१, १). त्याचा वर्ग (−१, १; −१, ०). त्याचा घन (−१, ०; ०, −१), म्हणजे नुसतं सगळ्याचं चिन्ह उलटं. सहावा घात, सगळं मूळ जागी. आणखी एक, पफप आणि फपफ दोन्ही काढा, दोन्ही (०, १; −१, ०) येतात. ही समानता कुठून आली? तीन मुळांसाठी तीन सुतळ्या घ्या, लाल, पिवळी, हिरवी. ट = −२ च्या फेरीत डावीकडची दोन मुळे जागा बदलतात, ट = २ च्या फेरीत उजवीकडची दोन. तीन पेड आणि शेजारच्यांची अदलाबदल, म्हणजे वेणीच की. फक्त केसांच्या वेणीत एकदा डावा पेड वरून आणि एकदा उजवा पेड वरून येतो, इथे दोन्ही अदलाबदली एकाच दिशेच्या, त्यामुळे वेणीऐवजी दोराला देतात तसा पीळ पडतो. डावी अदलाबदल, उजवी, परत डावी, असं करून बघा आणि मग उजवी-डावी-उजवी करून बघा. सुतळ्या सारख्याच पडतात. पफप = फपफ हातात दिसतं.

पायरी ६. अनंताला काय आहे ते विचारा

दोन्ही वाईट पातळ्यांना एकदम वळसा घालणारं मोठं वर्तुळ काढलं तर मिळते पफ. पण मोठं वर्तुळ म्हणजे दुसऱ्या बाजूनं अनंताभोवतीचीच प्रदक्षिणा. पफ काही १ नाही, म्हणजे ट अनंताला गेल्यावर तिथेही एक सिंग्युलर फायबर बसलेला आहे. कोण आहे तो?

इथे मोजणी कामाला येते. आपलं समीकरण प्रोजेक्टिव्ह प्लेनमध्ये (म्हणजे अनंतावरची रेषा जोडलेल्या प्लेनमध्ये) लिहिलं की ते घन वक्रांचं एक पेन्सिल (एका चलावर चालणारं कुटुंब) होतं, ते सगळे वक्र ९ बिंदूंतून जातात (इथे नऊच्या नऊ एकाच जागी दाटलेत). प्लेनची ऑयलर संख्या (तुकडे पाडून, मितीप्रमाणे आलटून-पालटून अधिक-वजा करत केलेली मोजणी) ३, नऊ वेळा ब्लो-अप केला (म्हणजे एका बिंदूच्या जागी एक गोळा बसवला) की प्रत्येकी १ वाढते, एकूण १२. चांगला फायबर टोरस, त्याची ऑयलर संख्या ०. म्हणजे हे १२ च्या १२ वाईट फायबरांनीच भरून द्यायचे. दोन आय-वन प्रत्येकी १ देतात, उरले १०. अनंताचा फायबर एकटा १० चा.

१९६३ च्या सुमारास कोडायरानं अशा टोरसांच्या कुटुंबात येऊ शकणाऱ्या सगळ्या वाईट फायबरांची यादी पूर्ण केली, १९६४ मध्ये नेरोननं अंकगणिताच्या बाजूनं तीच गाठली, आणि १९७५ मध्ये टेटनं समीकरणावरनं प्रकार ओळखायची पायऱ्यापायऱ्यांची रीत छापली. यादी छोटी आहे (नावं रोमन आकड्यांवरनं, कंसात ऑयलर संख्या): आय-एन (एन गोळ्यांची माळ, ऑयलर संख्या एन), टू (२), थ्री (३), फोर (४), आणि स्टारवाले, आय-एन-स्टार (एन + ६), फोर-स्टार (८), थ्री-स्टार (९), टू-स्टार (१०). सोबत त्यांचे मल्टिपल प्रकार असतात, ते सध्या बाजूला ठेवा. आय-टेन आणि आय-फोर-स्टारचेही १० होतात, पण त्यांची मोनोड्रोमी कितीही वेळा फिरवली तरी मूळ जागी येत नाही. आपली पफ सहाव्या फेरीला येते. म्हणजे अनंताला टू-स्टार.

टू-स्टारमध्ये नऊ गोळे असतात. एका ओळीत आठ, त्यांच्या पटी (तो गोळा फायबरमध्ये किती वेळा मोजायचा) १, २, ३, ४, ५, ६, ४, २, आणि ६ वाल्याला खाली लटकलेला नववा, त्याची पट ३. वहीत काढा आणि एक नियम तपासा: कुठल्याही गोळ्याच्या पटीची दुप्पट म्हणजे शेजाऱ्यांच्या पटींची बेरीज. ६ ची दुप्पट १२, शेजारी ५ + ४ + ३ = १२. टोकाच्या २ ची दुप्पट ४, शेजारी ४. ३ ची दुप्पट ६, शेजारी ६. सगळीकडे बसतं. नऊ गोळे, आठ सांधे, १८ − ८ = १०, ऑयलर संख्याही बसली. तो लटकलेला ३ कुठला माहितीय? प्लेनची अनंतावरची रेषाच, ती ह्या पेन्सिलमध्ये तीन पट मोजली जाते.

आणि हे चित्र म्हणजे विस्तारित ई-एटचं डिंकिन डायग्राम (ली ग्रुप, म्हणजे सलग सममितींचे ग्रुप, ओळखायचं ठिपके-रेघांचं चित्र). ली ग्रुपच्या जगातला २४८ मितींचा ई-एट, आणि तो आपल्या ओळभर समीकरणाच्या अनंताला गुपचूप बसलेला. मला हे पहिल्यांदा कळलं त्या संध्याकाळी मी रंकाळ्यावर वही घेऊन परत परत ३ + ५ + ४ करत बसलो होतो. नाद खुळा गोष्ट आहे ही, दुसरा शब्द नाही.

पायरी ७. फिजिक्समध्ये हेच कुठं कुठं भेटतं

सगळ्यात जवळचं उदाहरण लंबकाचं. दोरीचा नको, कडक दांड्याचा, जो पूर्ण गोल फिरू शकेल. ऊर्जा = वेगाचा वर्ग ÷ २, वजा कोनाचा कॉस. कोन आणि वेगाच्या चित्रात ऊर्जेचे फायबर काढा. ऊर्जा −१ ला ठिपका (लंबक शांत), −१ ते १ मध्ये एक वर्तुळ (झोके), १ च्या वर दोन वर्तुळं (घड्याळाच्या दिशेनं गरगर, किंवा उलटं), आणि बरोब्बर १ ला एका बिंदूत जोडलेले दोन फेरे. तो बिंदू म्हणजे लंबक उलटा, डोक्यावर उभा. त्या फायबरवरनं वर पोचायला लंबकाला अनंत वेळ लागतो. झोका आणि गरगर ह्यांच्यामधली भिंत म्हणजे तो सिंग्युलर फायबर.

दांडा कुठल्याही दिशेला झुलू दिला की दोन गोष्टी कायम राहतात, ऊर्जा आणि उभ्या अक्षाभोवतीचा कोनीय संवेग. आता फायबर टोरस, आणि लंबक डोक्यावर उभा असलेल्या स्थितीचा फायबर? चिमटलेलं कडबोळं. तेच. ऊर्जा-संवेगाच्या पटावर त्या बिंदूला प्रदक्षिणा घातली की ट्यूबसारखा पीळ पडतो. हे १९८० मध्ये ड्यूस्टरमाटनं दाखवलं, आणि त्याचा परिणाम असा की ह्या लंबकासाठी अ‍ॅक्शन नावाचे निर्देशक सगळीकडे एकसंध निवडताच येत नाहीत.

पुढची नावं नुसती सांगून ठेवतो. १९९४ मध्ये सायबर्ग आणि विटननी एका क्वांटम थिअरीचं उत्तर य² = (क्ष² − १)(क्ष − उ) ह्या कुटुंबात शोधलं. उ = ±१ ला फेरा आवळतो आणि त्या फेऱ्याशी जोडलेल्या कणाचं वस्तुमान शून्य होतं, एकीकडे मोनोपोल (एकट्या चुंबकीय भाराचा कण), दुसरीकडे डायॉन (चुंबकीय आणि विद्युत दोन्ही भारांचा). हे तुम्ही आत्ताच तपासू शकता: विवेचकात (उ − १) आणि (उ + १) दोन्ही वर्गात येतात, म्हणून दोन आय-टू, प्रत्येकी २, उरले ८, अनंताला आय-टू-स्टार. १९९६ मध्ये वाफाची एफ-थिअरी आली, तिथे फायबर जिथे बिघडतो तिथे ब्रेन (मेंदू नव्हे, स्ट्रिंग थिअरीतला पडद्यासारखा पसरलेला पदार्थ) असतो आणि बिघाडाचा प्रकारच सांगतो की बलं कुठल्या ग्रुपची. के-थ्री पृष्ठभागावर एकूण बेरीज १२ ऐवजी २४ असते. आणि हिचिननं १९८७ मध्ये मांडलेल्या फायब्रेशनचे (फायबरांच्या कुटुंबाचे) बिघडलेले फायबर अभ्यासून न्गो बाओ चाऊनं लँगलँड्स प्रोग्रॅममधला फंडामेंटल लेमा सिद्ध केला, २०१० चं फील्ड्स मेडल त्याला मिळालं.

पायरी ८. आता एकट्यानं करायचं काम

य² = क्ष³ + ट घ्या. ह्यात −३क्ष काढून टाकलाय, त्यामुळे मघाशी ±२ ला असलेले दोन आय-वन सरकत येऊन शून्यावर एकमेकांत मिसळलेत. ते मिसळताना बघायचं असेल तर आधी य² = क्ष³ − ३सक्ष + ट घेऊन सचा स्लायडर १ पासून ० कडे न्या. ट = ० चं चित्र काढा, फुली नाही तर टोकदार चोच दिसेल, हाच टाइप टू, ऑयलर संख्या २. विवेचक २७ट², घात २, जुळलं. उरले १०, अनंताला परत तोच टू-स्टार.

मग ट ला शून्याभोवती एक फेरी द्या आणि तीन मुळांचा माग ठेवा. प्रत्येक मूळ १२० अंश सरकतं, तीन सुतळ्यांना एकतृतीयांश पीळ. तीन फेऱ्यांनी मुळे आपापल्या जागी येतात, पण य चं चिन्ह उलटं झालेलं असतं, पफच्या घनात आलं होतं तसंच. आणखी तीन फेऱ्या मारा, य पण परत येईल. वहीत सहा ओळी आखून प्रत्येक फेरीनंतर क्ष आणि य कुठे आहेत ते लिहा, आणि शेजारी पफचे सहा घात लिहून ओळीला ओळ लावून बघा.